कच्च्या सुताचा नियम

पश्चिम महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीचा तिसरा रविवार सुवर्णाक्षरांनी नोंदवला जाईल; कारण त्या दिवशी माणसाने माशाकडे भक्ष्य म्हणून नव्हे, तर बरोबरीचा प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले.

हे वाक्य माझं आहे. आमच्या गळछंद मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव यांना उद्घाटनाच्या भाषणासाठी मीच लिहून दिलं होतं. त्यांनी ते खणखणीत वाचलं. टाळ्या पडल्या. त्या वेळी प्रतिस्पर्धी तळ्यात होता आणि त्याच्या घशात तंबोऱ्याची तार अजून गेली नव्हती. ती दोन तासांनी गेली.

मंडळ सांगलीचं. सभासद सतरा. दोन डॉक्टर, एक वकील, हळदीचे तीन व्यापारी, माधवनगरच्या गिरणीतला एक अधिकारी, आणि बाकीचे रविवारी घरात कुणाला नको असलेले. मी चिटणीस. कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मासे खात नाही. आमच्या घराण्यात ठाऊक आहे तेवढ्या पिढ्यांत कुणी खाल्ले नाहीत. मी पकडतो आणि सोडून देतो. आईला हे शेवटपर्यंत समजलं नाही. "खायचा नाही, तर त्याला त्रास कशाला देतोस?" असं ती विचारायची. प्रश्न चांगला होता. उत्तर सापडेना म्हणून मी नियम केले.

त्यातला चौथा नियम महत्त्वाचा, आणि तो माझा नाही. कृष्णेच्या घाटावर केरबा भोई म्हणून म्हातारा बसायचा, त्याचा. तो म्हणायचा, "मासा कसा घावंल ह्येचा इचार करून समदीच गळ बांधत्यात, मास्तर. तुटला तर त्येच्याकडं काय ऱ्हाईल, ह्येचा इचार करून बांधावा."

केरबा दोराला शिसं कधी पक्कं बांधत नसे. कच्च्या सुताने लोंबवायचा, फुलपुडीला गुंडाळतात तसल्या. शिसं कपारीत अडकलं तर सूत तुटायचं, शिसं तळाला राहायचं आणि मासा मोकळा. गळाजवळचा वीतभर दोर तो मूळ दोरापेक्षा बारीक घ्यायचा. म्हणजे ताण आला तर तुटायचं ते माशाच्या तोंडापाशी. माशाकडे उरणार फक्त गळ. त्याचाही उलटा काटा केरबाने दगडावर घासून काढलेला. चार दिवसांत मासा डोकं झटकून तो टाकून देतो. मी हेच शुद्ध मराठीत लिहिलं, सायक्लोस्टाइल केलं, आणि खाली 'आदेशावरून' असं घातलं. केरबाला सही येत नव्हती, त्यामुळे नियम मंडळाचा झाला.

स्पर्धेसाठी तळं हवं होतं. ते जत तालुक्यात हिरेकेरीला मिळालं. कानडीत या नावाचा अर्थ मोठं तळं. बहात्तरच्या दुष्काळात त्यात क्रिकेट खेळत होते. तळं बिरोबाचं. देवाच्या तळ्यातला मासा गाव खात नाही, विकत नाही, आणि पाहुण्याला मारू देत नाही. आमच्या मंडळाला 'पकडा, तोला, सोडा' हेच करायचं होतं, म्हणून पंचांनी परवानगी दिली. पण म्हणाले, एकदा आकारामला विचारा.

आकाराम म्हणजे पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, काठीसारखा सरळ माणूस. तळ्याची राखण त्याच्याकडे. पगार नाही, नेमणूक नाही, पण पहाटे पाचला खाकी पँट घालून बांधावर हजर. निवृत्त झाल्यावर त्याने सरकारी मत्स्यबीज केंद्रातून दुधाच्या किटलीत चाळीस पिलं आणून या तळ्यात सोडली होती. सायप्रिनस जातीची, तळ उकरून खाणारी, जाड ओठांची, मिशीवाली. बहात्तरला तळं आटलं. शेवटी खोलीएवढं डबकं राहिलं, त्यात एकोणचाळीस मेली. चाळिसावी आकारामने हंड्यात घालून देवळाच्या विहिरीत नेली, विहीर खाली गेली तेव्हा पुन्हा हंड्यात, आणि असं करत तीन पावसाळे जगवली. मग तळं भरलं आणि तिला परत सोडली.

"टँकर आठ दिसानं याचा," त्याची बायको बनाबाई मला म्हणाली. "मला प्याला तांब्याभर आन् ह्येंच्या सुभेदारणीला हंडाभर. सवत परवडली आसती, मास्तर. सवतीला पाणी शेंदाय तरी लावलं आसतं."

माशाचं नाव सुभेदारीण. आकाराम स्वतः सुभेदार झाला नाही. बांधाच्या टोकाला लिंबाखाली एक सपाट दगड आहे, त्यावर बसून तो पलटणीतला पत्र्याचा मग तीनदा ठोकायचा. पाण्यात पितळी ताटासारखं काहीतरी उलटं व्हायचं आणि भाकरीचा तुकडा जायचा. आकाराम उभा राहून सॅल्यूट मारायचा. मी पाहिलं आहे. हसू आलं नाही.

मी त्याला नियम वाचून दाखवले. त्याने शांतपणे ऐकले आणि एकच विचारलं.

"दोर तुटला, तर तिच्याकडं काय ऱ्हाईल?"

केरबाचाच प्रश्न. दोघांची कधी गाठ पडली नव्हती. मी म्हणालो, "फक्त गळ. तोही काटा घासलेला. शिसं कच्च्या सुतावर असेल, ते पडून जाईल."

"समद्यांचं?"

"सगळ्यांचं. मी स्वतः प्रत्येकाचा गळ तपासून सही करणार आहे."

"तुमची सही म्हंजे झालं," आकाराम म्हणाला. "मला दुसरं काय बी नगं. ती एकच हाय त्या चाळीसातली."

इतका सरळ सौदा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

रविवारी सकाळी सतरा सभासद जीपा आणि मोटारसायकली घेऊन हिरेकेरीला पोचले. भाषण झालं. नारळ फुटला. आकारामने धुतलेली खाकी घातली होती, छातीला दोन पदकं. मी तक्ता घेऊन एकेकाचा गळ तपासत निघालो. हळदवाल्यांनी कच्चं सूत म्हणून हळदीत बुडवलेलं सूत आणलं होतं. का, असं विचारलं तर म्हणाले, शुभ असतं. वकिलाने नियमाची प्रतच सोबत ठेवली होती. सोळा गळ ठीक. सोळा सह्या.

सतरावा गळ अध्यक्षांचा.

हंबीरराव सपाट दगडावर बसले होते, कारण सावली तिथेच होती. हातात मुंबईहून मागवलेली काठी, तिला परदेशी रीळ, रिळावर नायलॉनचा जाड दोर. दोराच्या टोकाला, जिथे वीतभर बारीक दोर हवा होता तिथे, चार हात लांब चकचकीत तार. आणि दोर व तार यांच्या सांध्यावर पक्की दुहेरी गाठ मारून गवंड्याचा ओळंबा. लोखंडी, भोवऱ्यासारखा.

"ही तार?" मी विचारलं.

"मिरजेहून आणली. तंबोऱ्याची हाय." हंबीररावांनी ती टिचकीने वाजवून दाखवली. "मागल्या बारीला दोर तुटून मासा गेला. मिस्त्रीला म्हटलं, न तुटणारी तार दे. त्यो म्हणला, वीस वर्सं ताणून ठेवा, साहेब, तुमी तुटशिला, ही न्हाई तुटायची."

"आणि ओळंबा?"

"बंगल्याचं काम चालूय न्हवं का? गवंड्याचा घेतला. तळाला आसा बसतोय, जागचा हलत न्हाई."

"साहेब, नियम चार. कच्चं सूत."

"सूत तुटतंय की, प्रोफेसर."

"तुटावं म्हणूनच लावायचं."

हंबीररावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मागे त्यांचे दोन कार्यकर्ते होते, त्यांनीही पाहिलं. "तुटावं म्हणून गाठ मारतंय व्हय कोण? कॉलेजात पोरांस्नी ह्येच शिकवता का?"

कार्यकर्ते हसले. मी त्यांना फिजिक्स सांगायला हवं होतं. साखळी नेहमी सर्वांत कच्च्या कडीपाशी तुटते. माशाच्या तोंडापाशी पोलाद लावलंत, तर ताण मावळत नाही, फक्त जागा बदलतो. तुटेल ते तुमच्या हातापाशी, आणि सगळा दोर, तार, ओळंबा घेऊन मासा जाईल. हे मी दरवर्षी पहिल्या सत्रात फळ्यावर काढतो. परीक्षेत चार मार्कांना असतं.

हंबीरराव आमच्या कॉलेजच्या नियामक मंडळावर आहेत. विभागप्रमुखाची जागा त्या महिन्यात भरायची होती. एवढी दोन वाक्यं पुरेत.

मी तक्त्यात सतरा नंबरासमोर 'नियमानुसार' असं लिहिलं आणि सही केली.

तेवढ्यात आकाराम जवळ आला. अध्यक्ष त्याच्या दगडावर बसलेले बघून क्षणभर थांबला. "हितंच येती ती," तो हळू म्हणाला. मग माझ्या हातातल्या तक्त्याकडे बोट केलं. "झाली सही समद्यांची?"

"झाली," मी म्हणालो.

"मग बसू द्या," म्हणाला आणि निघून गेला. त्याने गळाकडे पाहिलंसुद्धा नाही. सही असताना पाहायचं कशाला? पलटणीत तसंच असतं.

हंबीररावांचं आमिष म्हणजे शेंगदाण्याची पेंड आणि गूळ ज्वारीच्या पिठात मळून केलेला लिंबाएवढा गोळा. अकराच्या सुमाराला काठी वाकली. नुसती वाकली नाही, पाण्याला टेकली. हंबीरराव उभे राहिले, पाय रोवले आणि ओरडले, "घावला रं, घावला!" सगळे आपापले गळ सोडून पळत आले. रीळ किरकिरत होतं. मासा तळ्याच्या मधोमध, बुडालेल्या बाभळींकडे चालला होता. मी म्हणालो, "दोर सैल सोडा." डॉक्टर म्हणाले, "धरा, धरा." कार्यकर्ते म्हणाले, "वढा, साहेब!" लोकशाही असल्याने हंबीररावांनी ओढलं.

दोर तुटला तो काठीच्या शेंड्यापाशी. फळ्यावर काढतो तसाच. हंबीरराव मागच्या मागे पेंडीच्या पाटीत बसले.

"पंधरा किलोचा हुता!" ते बसल्या बसल्याच म्हणाले.

"पंधरा कसला, साहेब, अठरा!" एक कार्यकर्ता म्हणाला.

"पंधराच धरा," हंबीरराव म्हणाले. "खोटं कशाला बोलायचं?"

आकाराम बांधावर उभा होता. हातात पत्र्याचा मग. तो गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला.

"मास्तर, काय ऱ्हायलं तिच्याकडं?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात पेंडीतून उठलेले हंबीरराव कार्यकर्त्याला म्हणाले, "आरं, गवंड्याचा ओळंबा गेला की."

आकारामने ते ऐकलं. माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "बघू."

"बघू ही आर्डर नसती, मास्तर," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने शर्ट काढला, पदकं त्यातच गुंडाळून बनाबाईकडे दिली आणि पाण्यात उतरला. आमची बक्षीस-समारंभाची वेळ झाली होती.

सोमवारी संध्याकाळी सांगलीत हंबीररावांचा सत्कार झाला. स्पर्धेत सर्वांत मोठा मासा वकिलाला मिळाला होता, दीड किलोचा. पण कार्यकारिणीने तातडीची बैठक घेऊन 'हुकलेल्या सर्वांत मोठ्या माशासाठी' खास चषक जाहीर केला. ठराव मी लिहिला. वजनाच्या रकान्यात 'अंदाजे' असं लिहिलं होतं, ते हंबीररावांनी स्वतःच्या पेनने खोडलं. भाषणात मासा सतरा किलोचा झाला. मी टाळ्या वाजवल्या. चिटणिसाने वाजवायच्याच असतात.

मंगळवारी दुपारी जतहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर कॉलेजात मला शोधत आला. "हिरेकेरीच्या हवालदारानं निरोप दिलाय. मासा बाभळीला बांधला गेलाय म्हणं. जित्ता हाय. कापायला काय तरी घिऊन या."

मला बाभळीला अडकलेला मासा डोळ्यांपुढे आला नाही. आला तो तक्ता, सतरा नंबरची ओळ. मी तडक हंबीररावांच्या नव्या बंगल्यावर गेलो. एसटी सकाळी होती. जीप मिळाली तर रात्रीच्या आत पोचता येणार होतं. हंबीरराव वीट न् वीट मोजत उभे होते.

"घावला?" त्यांचे डोळे चमकले. "आजून लागलेलाच हाय? माझ्याच गळाला?"

"तुमच्याच. जीप द्या, साहेब. उशीर झाला तर मरेल."

"जीप सिमिटाला गेलीय. तुमी सकाळच्या एसटीनं व्हा पुढं. मी फोटोग्राफर घिऊन येतो मागनं. आन् काटा बी आणतो, वजनाचा. गावात ल्वॉक म्हणाय लागल्यात की अध्यक्ष फेकतोय."

परांचीवरून गवंड्याने हाक मारली. "साहेब, माझा ओळंबा कवा मिळायचा? दोन दिस भिंत नजरंनं चढवतोय."

"येतोय, येतोय," हंबीरराव म्हणाले. "प्रोफेसर आणाय चाललेत."

बुधवारी सकाळी निघताना मी पत्नीला म्हणालो, "उमा, कापायला काहीतरी दे." तिने शिवणाच्या पेटीतली कात्री दिली. ती मी पिशवीत टाकली. तार मला माहीत होती. ती वाजवून दाखवली होती, सही माझी होती. तरी मी पोलाद कापायला शिवणाची कात्री घेऊन पन्नास मैल गेलो, कारण आमच्या मंडळात कापायचं ते सूत असतं, आणि माझं डोकं अजून माझ्याच नियमांवर विश्वास ठेवून होतं. केरबाला ही गोष्ट मी कधी सांगितली नाही.

हिरेकेरीला अकरा वाजले. बनाबाई बांधावर बसली होती.

"आला का सहीवाला?" ती म्हणाली. बसायलाही सांगितलं नाही.

आकाराम तळ्याच्या मध्यावर होता. वाळलेले भोपळे बांधलेली सांगड छातीखाली घेऊन तरंगत होता. रविवारपासून त्याने सगळं तळं हाताने चाचपलं होतं. मंगळवारी सकाळी दोर सापडला, दोरावरून तार, आणि तारेवरून ती. तार बुडालेल्या बाभळीच्या एका फांदीला तीन वेढे बसली होती. ओळंबा दोन फांद्यांच्या बेचक्यात रुतला होता. सुभेदारणीला उरली होती हातभर तार. तीन दिवस ती त्या हातभरात फिरत होती.

मी कपडे काढून, दुसरी सांगड घेऊन गेलो. पोहायला मला येतं. आकारामने हात पुढे केला. "द्या."

मी कात्री दिली.

त्याने ती उलटसुलट पाहिली. फुलाफुलांची मूठ. "ही?" म्हणाला. मग खाली गेला. एकदा, दोनदा, चारदा. पाचव्यांदा वर आला तेव्हा कात्रीचं एक पातं मोडलं होतं आणि अंगठ्यातून रक्त येत होतं.

"मास्तर, तुमी शिकवता काय वो कॉलेजात?"

तीन दिवसांत दोन माणसांनी मला हा प्रश्न विचारला.  

"पक्कड?" मी म्हणालो. "गावात कुणाकडे?"

"गिरणीवाल्याकडं एक हाय. त्यो कुलूप लावून लग्नाला गेलाय विजापूरला." त्याने बांधाकडे तोंड केलं. "बने! सुताराची करवत आण!"

"ती गंजल्याली हाय!"

"आण म्हटलं तर आण, तुझ्या आयला!"

"मला बुडताना वाचवाय तरी इतकी घाई केली आसतीस का रं?" असं ओरडत ती पळाली. पळाली मात्र जिवाच्या आकांताने.

त्यानंतर दोन तास एक साठीचा माणूस पाण्याखाली बाभळीची फांदी कापत होता. एक दम, सहा ओढी, वर. एक दम, सहा ओढी, वर. मी वरून सांगड धरून होतो. मधेच मी म्हणालो, "मी जातो खाली एकदा." त्याने ओठ पुसले. "तुमी सही करा," तो म्हणाला.

एकच्या सुमाराला फांदी मोडली. वर आलं ते सगळं एकगठ्ठा: बेचक्याची फांदी, त्यात ओळंबा, ओळंब्याला तार, तारेच्या टोकाला ती. बेचकं गुडघ्याने फोडून त्याने ओळंबा सोडवला. गळ घशात खोल गेला होता. तारेने ओठाचा कोपरा गालापर्यंत चिरला होता. अंगावरचे खवले एका बाजूने घासून गेले होते. पण कल्ला हलत होता.

"जित्ती हाय!" आकाराम ओरडला. "बने, जित्ती हाय!"

बनाबाई कमरेएवढ्या पाण्यात उतरली, लुगड्यानिशी. सुभेदारणीला दगडाजवळ आणलं. आकारामने दोन्ही तळव्यांवर तिला सरळ धरलं, तोंड वाऱ्याकडे, आणि हळूहळू पुढेमागे हलवत राहिला, पाणी कल्ल्यातून जावं म्हणून. बनाबाईने तार वर उचलून धरली, तिचा भार ओठावर पडू नये म्हणून. ओळंबा मी धरला. तिघे असे उभे होतो. तासभर.  मग बनाबाई माशाशी बोलायला लागली. "खा की गं, बये. इतकी वर्सं माझ्या वाटणीचं पाणी प्यालीस, आता दम तरी खा."

तीनच्या जरा आधी कल्ला थांबला. आकाराम आणखी अर्धा तास तिला हलवत राहिला. मग बनाबाई म्हणाली, "आवं, बास." ती त्याला एरवी अरेतुरे करते.

चार वाजता जीप आली. सिमेंट उतरवून झालं असावं. हंबीरराव, दोन कार्यकर्ते, गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोग्राफर, आणि हळदीच्या वखारीतला तागडीचा मोठा काटा. हंबीरराव आधीच हसत होते.

"कुठाय आमचा पैलवान?"

मी बोललो. उशिरा, पण बोललो. "मेली, साहेब. तुमच्या तारेने मेली. नियम मोडला होता तुम्ही, आणि मी सही केली. हे मी मंडळाच्या इतिवृत्तात लिहिणार आहे. तुमचं नाव घालून, माझं घालून."

"लिवा की," हंबीरराव मोकळेपणाने म्हणाले. "वजन बी लिवा. मेला म्हणून मासा लहान हुतो का? गडी, उचला त्येला. फोटोवाले, हिकडून घ्या, तळं दिसलं पायजे मागं."

कार्यकर्ता माशाला हात लावायला वाकला. आकारामने त्याच्या मनगटावर हात ठेवला. फक्त ठेवला. कार्यकर्ता मागे सरला.

आकाराम ओल्या खाकीत होता. त्याने सुभेदारणीला सपाट दगडावर नीट ठेवलं, दोन पावलं मागे गेला, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट मारला. हात बराच वेळ खाली आला नाही. फोटोग्राफरने कॅमेरा उचलला होता, तो त्याने परत खाली घेतला.

मग आकाराम हंबीररावांकडे वळला. आवाज पलटणीतला.

"साहेब, ही आमच्या देवाची हुती. आता तुमची. किती किलोचा मासा म्हणलाव तुमी, रविवारी?"

"पंधरा," हंबीरराव म्हणाले. "सतरा बी आसंल."

"व्हय. मग तोलून न्या. गावाम्होरं तोलायचं. न तोलता मी न्हिऊ देणार न्हाई."

बांधावर आता सगळं गाव होतं. बिरोबाचा पुजारी धुळा पुढे आला, त्याने काटा लिंबाच्या फांदीला अडकवला. हंबीरराव म्हणाले, "आरं, आधी त्यो ओळंबा तरी काढा."

"न्हाई," आकाराम म्हणाला. "तुमचंच हाय ते बी. तोला."

धुळाने मासा पारड्यात ठेवला. ओळंबा आणि तार त्याच्यावर. दुसऱ्या पारड्यात पाच किलोचं वजन ठेवलं, ते जड झालं, काढलं. दोनचं ठेवलं, आणखी दोनचं ठेवलं. शेवटी लहान वजनं घालत काटा स्थिर झाला. गाव बघत होतं. हंबीरराव काट्याकडे बघत होते. मी इतिवृत्ताची वही काढली, कारण चिटणीस होतो.

धुळाने वजनं मोठ्याने वाचली. चार किलो शंभर ग्रॅम. ओळंब्यासकट.